दहावी रेघ

आमचं घर म्हणजे पाटावरची चौकी. गावात आमचं काही नव्हतं असं नाही, चुलत्यांच्या वाटणीत दोन खण आमचेही होते, पण दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पाटकऱ्याची नोकरी लागली आणि आम्ही कालव्यावर राहायला आलो ते तिथलेच झालो. प्रवरेचं पाणी घेऊन येणारा तो पाट कोल्हारच्या खालच्या अंगाला आमच्या दारावरून जायचा. पाटकऱ्याचं काम पाणी राखायचं. कोणी बांध फोडतो का बघायचं, पाटाची लोखंडी दारं वरखाली करायची, ज्याची पाळी असेल त्याच्या शेताकडं जाणाऱ्या चारीला पाणी सोडायचं. दगडी भिंतीची एक खोली, पुढं पडवी, पडवीत चूल, आणि चुलीपासून पंधरा पावलांवर पाणी. आवर्तन चालू असलं, म्हणजे पाटाला पाणी सोडलेलं असलं, की दिवसभर दाराच्या लोखंडी फळीखालून पाणी घुसळत असायचं, आणि त्या आवाजावरून आई भाकरी थापता थापता सांगायची, "आज जोर हाय." आईला आम्ही बाई म्हणायचो. आवर्तन बंद झालं की घर एकदम बहिरं व्हायचं. मग मडक्यावरची झाकणी वाजली तरी दचकायला व्हायचं. मला अजून शांत जागी बसवत नाही. सुनेनं मला वरची खोली दिली आहे, चांगली हवेशीर, पण मी खाली मोटारीच्या हौदाजवळ खाट टाकतो. ती म्हणते म्हाताऱ्याचा हट्ट. असेल.

दादा उंच, काटकुळे, बोलायला कमी. खाकी कोट थंडी असो की ऊन, अंगातच. हातात बाभळीची काठी. ती काठी पाण्यात उभी केली की पाणी किती जोरात आहे ते त्यांच्या मनगटाला कळायचं. पण दादांना लिहिता येत नव्हतं. नोकरी लागली तेव्हा अंगठा चालत होता. नंतर नवीन साहेब आले आणि त्यांनी रोज सकाळी पाण्याच्या उंचीची चिठ्ठी मागायला सुरुवात केली. एक सायकलवाला शिपाई सगळ्या चौक्यांवरून त्या चिठ्ठ्या गोळा करून कचेरीत द्यायचा. आपल्याला लिहिता येत नाही हे दादांनी कुणाला सांगितलं नाही. मी तिसरीत होतो. त्यांनी मला पडवीत बोलावलं आणि विचारलं, "आकडे येत्यात का तुला?" मी म्हटलं, "येत्यात." तेव्हापासून चिठ्ठी मी लिहायचो. ही गोष्ट तिघांनाच माहीत होती, मला, दादांना आणि बाईला. बाईनं मला बजावलं होतं की बाहेर बोललास तर दादाची नोकरी जाईल आणि आपण परत त्या दोन खणांत जाऊ, चुलतीच्या तोंडासमोर. ते मला पाटात पडण्यापेक्षा भयंकर वाटायचं.

पाण्याची उंची मोजायला दाराच्या अलीकडं दगडात एक पांढरी पट्टी बसवलेली होती. तिच्यावर फुटाच्या काळ्या जाड रेघा आणि मधे बारीक रेघा. गवंड्याच्या टेपात फुटाचे बारा इंच असतात, पण खात्याच्या पट्टीत फुटाचे दहा भाग केलेले होते. दादा रोज सकाळी पायऱ्या उतरून पट्टीपाशी बसायचे, पाण्याची लाट खाली बसेपर्यंत थांबायचे आणि तिथूनच ओरडायचे, "दोन फूट, वर सहा!" मी पडवीत लिहायचो, २.६. टिंब कशाला देतात ते मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी सायकलवाल्यानं दुसऱ्या चौकीची चिठ्ठी दाखवली होती, तीत टिंब होतं, म्हणून मीही देऊ लागलो.

पाचवीत गेल्यावर गुरुजींनी दशांश अपूर्णांक काढले. फळ्यावर पट्टी काढली, तिचे दहा भाग केले, म्हणाले, "टिंबाच्या डावीकडं पूर्ण वस्तू, उजवीकडं तिचे तुकडे." वर्गातली पोरं तोंड उघडी टाकून बसली. आमच्या शेजारचा एकजण म्हणाला, गुरुजी, दोन टिंब पाच फूट म्हणजे दोन फूट पाच इंच. सगळे हो हो म्हणाले. मी उठलो आणि म्हणालो, "न्हाई, आडीच फूट." गुरुजींनी मला पुढं बोलावून पाठीवर थाप मारली. आयुष्यात शाळेकडून मला मिळालेली ती एकमेव थाप, म्हणून लिहून ठेवतो. पुढं वर्षा-दीड वर्षात माझी शाळा सुटलीच. त्या दिवशी घरी जाताना मात्र मला वाटत होतं की दशांशातलं आता मला कोणी काही शिकवायचं राहिलं नाही. बाईनं हुलग्याची शेंगोळी केली होती. मी तीन ताटल्या खाल्ल्या आणि दादांना टिंबाचा अर्थ समजावून सांगू लागलो. दादांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "रस्सा निवतोय."

त्याच महिन्यात दादांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तळपाय टम्म सुजला, बाईनं बिब्बा लावला, गूळ-हळद बांधली, पण पायऱ्या उतरणं बंद झालं. दारं वरखाली करायला पलीकडच्या चौकीवरचा पाटकरी यायचा आणि पट्टी बघायला मी. दादांनी पडवीतून हजारदा सांगितलं, लाट बसू दे, मग बघ, वाकून बघ, उभ्यानं बघू नको. मी तसंच करायचो. पहिल्या दिवशी २.७. दुसऱ्या दिवशी २.८. तिसऱ्या दिवशी २.९. रब्बीचं आवर्तन भरात होतं, पाणी रोज एकेक रेघ चढत होतं आणि मला त्याचा असा आनंद व्हायचा जसं काही मीच ते चढवतोय.

चौथ्या दिवशी पाणी आणखी एका रेघेनं वर आलं. मी दोन फुटांपासून वर रेघा मोजल्या. दहा भरल्या. चिठ्ठीवर लिहिलं, २.१०. सायकलवाला घाईत होता, त्यानं घडी घालून खिशात टाकली. वर आल्यावर दादांनी विचारलं, "काय म्हनतंय पानी?"

"भरलं."

"तीन?"

"व्हय, तीन."

मी खोटं बोललो नाही. दोन फूट आणि दहा रेघा म्हणजे तीन फूट हे मला पक्कं माहीत होतं. सात, आठ, नऊ झाले, आता दहा, एवढंच मी पुढं लिहिलं. कोणालाही विचारा, नवाच्या पुढं काय येतं म्हणून.

कचेरीत ती चिठ्ठी उघडली आणि तिथं ते दोन टिंब एक असं वाचलं गेलं, शून्य मागं लोंबत राहिलं. काल दोनच्या वर नऊ आणि आज दोनच्या वर एक! म्हणजे एका दिवसात जवळजवळ फूटभर पाणी गेलं. वरच्या अंगाला कुणीतरी पाट फोडला असणार असं त्यांनी धरलं, आणि खालच्या लोकांच्या पाळ्या कोरड्या जाऊ नयेत म्हणून वरच्या दाराला निरोप गेला, दार उचला. म्हणजे भरलेल्या पाटात वरून आणखी पाणी आलं.

दुपारी मी वर्गात होतो. बाहेरून कोणीतरी ओरडत गेलं, "पाट उतू चाललाय!" सगळी शाळा पळाली. गाडीवाट जिथं पाट ओलांडायची तिथं बांध चाकांनी झिजून खाली बसला होता. तेवढ्या उतरणीवरून पाणी काचेच्या पत्र्यासारखं सरळ खाली पडत होतं. खाली चंदरमामांचं खळं होतं. चंदरमामा सख्खे मामा नव्हेत, पाटाशेजारचे शेतकरी, पण बाईला बहीण मानायचे. त्यांची ज्वारी काढून झाली होती, कणसं खुडून खळ्यात ढीग घातला होता, दुसऱ्या दिवशी बैल फिरायचे होते. तो ढीग गुडघाभर पाण्यात उभा होता. चंदरमामा ओरडत नव्हते. पाण्यात उभे राहून हातानं कणसं कवेत घेत होते आणि वर फेकत होते, पुन्हा घेत होते. दादा एका पायावर काठी टेकत तिथवर आले होते. त्यांनी पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सकाळी किती लिवलं?"

मी सांगितलं. त्यांना काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालंय हे कळलं.

वरचं दार खाली आलं, पाणी ओसरलं. पुढचे तीन दिवस आमचं घर चंदरमामांच्या खळ्यावर होतं. बाई, मामी आणि मी, आम्ही कणसं पसरायचो, उलटायचो, पुन्हा पसरायचो. ओल्या ज्वारीचा एक आंबूस वास येतो, तो नाकात बसला की भाकरीलाही तोच वास येतो. मामी दुपारी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आणायची आणि आमच्याही पुढं ठेवायची. बाईचा घास उतरायचा नाही. चंदरमामांनी खोडी काढायची संधी मात्र सोडली नाही. मी कणसं उलटायला वाकलो की म्हणायचे, "काय मास्तर, आज किती रेघा?" ज्वारीला थोड्या जागी मोड आले. तेवढी गुरांना गेली, बाकीची वाचली. किती गेली ते मामांनी कधी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मी मात्र हटलो नव्हतो. गुरुजींकडं गेलो आणि विचारलं, नऊनंतर दहा येतात का नाही. गुरुजींनी पाटीवर लिहून दाखवलं, दोन टिंब दहा आणि दोन टिंब एक हे एकच. म्हणाले, "शतांशाचा धडा पुढच्या आठवड्यात आहे, तो झाला की कळेल." मी म्हटलं, एकच असेल तर मग दहा कुठं गेले? माझ्या डोळ्यांनी मोजलेले दहा? गुरुजी समजावत राहिले, मी वाद घालत राहिलो, शेवटी त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. त्यांच्या म्हणण्यात चूक नव्हती हे आज मला कळतं. पण दहा कुठं गेले याचं उत्तर त्यांनी दिलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

चौथ्या दिवशी साहेब आले. जीप पाटावर लावली. बरोबर सायकलवाला आणि माझी चिठ्ठी. आदल्या संध्याकाळी दादांनी मला सांगून ठेवलं होतं, "तू तोंड उघडायचं न्हाई. मी लिवलं म्हनंन. चुकी झाली म्हनंन. लई तर चार दिवस घरी बसवत्याल." बाईनं घरातली दोन पातेली घासून एकात एक घालून ठेवली होती, जाण्याची तयारी असल्यासारखी.

साहेब तरुण होते, चष्मा, पायात बूट. चंदरमामाही येऊन उभे राहिले. साहेबांनी चिठ्ठी दादांच्या समोर धरली.

"ही तुम्ही लिहिली?"

"व्हय साहेब."

"पाणी किती होतं त्या दिवशी?"

"तीन फूट."

"मग हे काय लिहिलंय?"

दादा चिठ्ठीकडं बघत राहिले. उलटी धरली असती तरी तेवढंच बघितलं असतं. साहेबांनी खिशातून पेन काढलं. "बरं, आज किती आहे ते बघून इथंच लिहा."

दादांनी पेन घेतलं. ते काठीसारखं मुठीत धरलं आणि टोक कागदावर टेकवून तसंच ठेवलं. मला तो हात बघवला नाही. मी पुढं झालो आणि म्हणालो, "मी लिवलंय. रोज मीच लिवतो. आन् बरोबर लिवलंय."

बाईनं पदर तोंडावर घेतला. साहेब माझ्याकडं बघायला लागले. "बरोबर?"

"दोनच्या वर दहा रेघा हुत्या. मोजा तुमी."

"अरे, नऊच्या पुढं दहा लिहिलंस म्हणून एवढं झालं!"

"मग काय लिवायचं? अकरा?"

सायकलवाला हसला. चंदरमामा म्हणाले, "साहेब, ह्यो वाद घालतोय तवर आमचं पीक पुन्यांदा भिजंल." साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. ते दादांकडं वळले. "पाटकरी, म्हणजे तुम्हाला लिहिता येत नाही. दोन वर्षं या पोराच्या हातानं चिठ्ठ्या येतायत. हे मी वर कळवायला पाहिजे, माहीत आहे ना?"

दादांनी मान हलवली. मग पेन साहेबांना परत दिलं, काठी माझ्या हातात दिली, माझा दंड धरला आणि दुखऱ्या पायानं पायऱ्या उतरले. मलाही उतरवलं. पट्टीसमोर बसवलं. साहेब वरच्या पायरीवर आले.

"दोनची जाड रेघ धर," दादा म्हणाले. पाणी उतरून दोनच्या खाली गेलं होतं, मी रेघेवर बोट ठेवलं. "आता बारीक मोज."

मी मोजल्या. नऊ झाल्या.

"दहावी?"

"ही." मी वरच्या जाड रेघेवर बोट ठेवलं.

"ती बारीक हाय का?"

"न्हाई. जाड हाय."

"मग ती दहावी न्हाई. ती तिसरी. रंगारी येडा हुता का? त्यानं दहावी बारीक रेघ काढलीच न्हाई. दहा झाल्या की त्या बारीक ऱ्हात न्हाईत, त्येंचा एक फूट हुतो. फूट झाला की बारीक खातं मोकळं. पुन्हा एकापासनं."

मी पट्टीकडं बघत राहिलो. चार दिवस ज्या दहाच्या मागं मी लागलो होतो ते तिथं नव्हतेच. दहा कुठं गेले ते डोळ्यांसमोर होतं. एक जाड रेघ होऊन टिंबाच्या डावीकडच्या घरात जाऊन बसले होते. मला रडू आलं, पण ते चुकल्याचं नव्हतं. न शिकलेल्या माणसानं मला हरवलं होतं आणि तो माणूस माझा बाप होता, हे दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं असतं ते मला त्या वयात माहीत नव्हतं.

आज माझी नात सहावीत आहे. परवा तिनं विचारलं, आजोबा, शून्य टिंब पाच मोठं का शून्य टिंब पस्तीस? तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, मागं शून्य लावून बघ. मी तिला म्हटलं, आधी टिंबापुढच्या पहिल्या घरातल्या रेघा बघ, त्या पाच आणि तीन. तिथंच निकाल लागला, पुढचं बघायची गरज नाही. ती म्हणाली, हे पुस्तकात नाही. म्हटलं, पुस्तकात नसूदे.

त्या दिवशी पायरीवर साहेबांनी माझी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "पाटकरी, पट्टी वाचायला तुम्ही माझ्यापेक्षा पक्के आहात. पण चिठ्ठी तुमच्या हातची पाहिजे. हे आवर्तन संपतंय, पुढचं सुरू होईल त्या दिवशी तुमच्या हातची चिठ्ठी आली तर ही गोष्ट इथंच राहील. नाही आली तर दुसरा माणूस नेमावा लागेल."

चंदरमामांना साहेबांनी विचारलं, तुमची काही तक्रार? मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "तक्रार ह्येच्यावर हाय. ह्येला खळ्यावर धाडा, अजून चार पोती उलटायचीत." एवढंच. मी गेलो आणि उलटली.

पुढचे वीस-बावीस दिवस पाट कोरडा होता. त्या कोरड्या पाटातल्या गाळावर मी दादांना अंक शिकवले. ते काठीनं काढायचे. चार त्यांना लवकर आला, आठ यायला वेळ लागला. तीन उलटा व्हायचा. मी ओरडायचो, कारण दुसऱ्यावर ओरडायची मला तेव्हाही हौस होती. दादा काठी थांबवून शांतपणे म्हणायचे, "माझ्यावर वरडायला तुला कुनी नेमलं?" पण सगळ्यात जास्त ते अडले शून्यापाशी. तीन फूट झाले की नुसता तीन लिहावा, पुढं टिंब आणि शून्य कशाला, हे काही त्यांना पटेना. काहीच नाही तर लिहायचं कशाला? मी गुरुजींचं सांगून बघितलं, दशांशाचं घर रिकामं आहे म्हणून. पटलं नाही. दोन दिवस त्यांनी शून्य काढायला नकार दिला. हट्टीपणा मी कुठून आणला हे आमच्या घरात विचारायची कधी गरज पडली नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना मधेच म्हणाले, "म्हंजी बारीक रेघा बगितल्या, एकबी बुडाली न्हाई, आसं सांगायचं."

"व्हय."

"मग लिवलं पायजे. न्हाईतर साहेबाला वाटंल, ह्येनं बगितलंच न्हाई." आणि ताटात आमटीनं त्यांनी एक शून्य काढलं. बाई म्हणाली, अन्नाशी खेळू नका. तिच्या आवाजात राग नव्हता.

पाणी आलं. सकाळी लोखंडी फळीखालून ते पुन्हा घुसळायला लागलं तसे दादा कोट घालून निघाले. पाय बरा झाला होता. पायऱ्या उतरून ते पट्टीपाशी बसले, लाट बसेपर्यंत थांबले, आणि आज ओरडले नाहीत. वर आले, धोतराला हात पुसले, दगडावर बसून मांडीवर चिठ्ठी घेतली. मी जवळ गेलो तर त्यांनी तळहातानं चिठ्ठी झाकली, वर्गात हुशार पोरं झाकतात तशी. अंक काढायला त्यांना इतका वेळ लागला की बाईनं चुलीवरची भाकरी करपवली.

सायकलवाला आला. त्यानं चिठ्ठी उघडली. "एक टिंब शून्य. पाटकरी, एकच फूट? मोजलंय ना नीट?"

"आत्ताच सोडलंय, चढंल. बगून लिवलंय."

तो चिठ्ठी जवळ घेऊन बघत राहिला. "आज अक्षर निराळंय."

"माझं हाय," दादा म्हणाले.

सायकल बांधावरून वळून दिसेनाशी झाली. मी अजून तिथंच उभा होतो, मला काहीतरी सांगतील म्हणून. दादांनी पेन्सिल कानामागं खोचली, काठी उचलली आणि म्हणाले, "जा आता साळंत. मला काम हाय."